थकलेली मजुरी आणि मुदतीचे ओझे

इमारत उभी राहिली पण ती बांधणाऱ्याची मजुरी थकली, तर त्या इमारतीवर त्याचा काही हक्क उरतो का? अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 1791 मध्ये, वॉशिंग्टन शहर उभे राहत असताना, उरतो असे ठरवले आणि थकबाकीचा बोजा वास्तूवरच चढवण्याची सोय केली. पुढे तिथल्या राज्याराज्यांत या हक्काभोवती नोटिशीची पद्धत वाढली. उपकंत्राटदाराने किंवा माल पुरवणाऱ्याने ठरल्या दिवसांत मालकाला कळवायचे, मालकाने तेवढी रक्कम अडवून धरायची आणि मुख्य कंत्राटदाराने हिशेब मिटवायचा. कळवायला उशीर झाला की बहुधा हक्कही गेला.

भारतात असा हक्कच नाही. 1872 च्या करार कायद्यातला कारागिराचा धारणाधिकार दुरुस्तीला आलेल्या वस्तूपुरता आहे. घड्याळजी पैसे मिळेपर्यंत घड्याळ ठेवून घेतो, गवंड्याला भिंत ठेवून घेता येत नाही. नवी मुंबईत तर बोजा चढवायचा कुणाच्या मालमत्तेवर, इथूनच अडचण सुरू होते. इथले भूखंड सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने बहुधा 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले, त्यामुळे साइटवर ज्याच्या नावाचा फलक लागतो तो बिल्डरही जमिनीचा मालक नसतो. त्याच्याखाली मुख्य कंत्राटदार, मग लेबर कॉन्ट्रॅक्टर, मग मुकादम आणि सगळ्यात शेवटी बिगारी. शिवाय बोजा चढलाच, तर तो अखेर फ्लॅटचे सगळे पैसे भरून बसलेल्या ग्राहकाच्या माथी येणार, हा आक्षेपही खोटा नाही.

खरा नैतिक प्रश्न मुदतीचा आहे: ती कुणावर घालायची? नोटिशीची पद्धत ती मागणाऱ्यावर घालते. धर्मपरंपरा ती देणाऱ्यावर घालतात. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही इस्लामची शिकवण. रोजंदाराचे पैसे रात्रभर जवळ ठेवू नयेत, ही बायबलमधील आज्ञा. वेतन न देणे हे धर्मशास्त्राच्या 18 व्यवहारपदांपैकी, म्हणजे वादविषयांपैकी, एक आहे, आणि कौटिल्याने त्याला दंड सांगितला आहे. अर्थात, पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुरालाही त्याने सोडलेले नाही. पण मजुराने वेळेत मागितले नाही म्हणून ऋण फिटले, असे यांतले कुणीच म्हणत नाही.

भारतीय कामगार कायदा या बाबतीत परंपरेच्या जवळचा आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी मूळ मालकाने, म्हणजे काम करवून घेणाऱ्याने, द्यावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे ठरवले. कुणी नोटीस धाडली होती की नाही, हे त्यात विचारलेले नव्हते. उलट पगारवाटपाच्या वेळी मालकाचा प्रतिनिधी हजर हवा आणि वाटलेली रक्कम त्याने सहीनिशी प्रमाणित करावी, असे बंधन घातले होते. मला माहीत नव्हते, ही सबब त्या सहीने संपत असे. बुडालेली मजुरी देण्याची मूळ मालकाची जबाबदारी 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही टिकली आहे, तर 2019 च्या वेतन संहितेने रोजंदारी त्याच दिवशी, पाळी संपताना, देण्यास सांगितले आहे.

उणीव आहे ती नोंदीत. सकाळी नाक्यावरून उचललेल्या मजुराचे नाव पुष्कळदा मुकादमाच्या खिशातल्या वहीतच राहते. तिथे हजेरी, उचल आणि बाकी एकाच ओळीत, पेन्सिलीने लिहिलेली. साइटच्या रजिस्टरमध्ये तो नसतोच, मग मालकाला तो दिसणार कसा? तरीही ऋण तेवढेच राहते. मुकादमाचे काम नाव वर पोचवण्याचे आणि मालकाचे काम ते मागून घेण्याचे. कळवण्याचा भार ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर टाकणे कायद्यात बसवता येईल, न्यायात बसणार नाही.