अंगणातील छत्र्या

जे आपल्या उपयोगाचे नाही, त्याने आपल्या अंगणात का असावे? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु मनुष्याच्या ममत्वाचे मूळच त्यात दडलेले आहे.

गावाबाहेर नवे घर बांधून आम्ही राहावयास आलो. पहिल्याच पावसाळ्यात भोवताली कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. येणाराजाणारा दोनच गोष्टी बोले. "खायच्या का हो?" आणि नाही म्हटले की, "मग ठेवल्यात कशाला? लाथेनं उडवा की!"

पण उडवायचे काय? घरासाठी झाडे तोडली, तरी त्यांची मुळे मातीत राहतात. त्या मेलेल्या लाकडावर बुरशीचे बारीक तंतू पसरतात व हळूहळू त्याची माती करतात. छत्री हे त्या तंतूंचे केवळ फळ. बीजकण वाऱ्यावर सोडून ती थोड्याच दिवसांत विरून जाते. तेव्हा छत्री उडवणे म्हणजे कैरी पाडून आंबा उपटला म्हणण्यासारखेच! १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांचे पाच वर्ग मांडले, त्यात बुरशीला झाडांपासून वेगळे स्थान दिले. ती झाडही नव्हे, प्राणीही नव्हे.

आता उपयोगाचा हिशेब पाहा. वारुळावर उगवणारी अळंबी कोकणात व गोव्यात आवडीने खातात. तिची शेती वारुळाच्या पोटात वाळवीच करते. आपल्या चौकटीला लागली की जिला आपण शत्रू म्हणतो, तीच ही वाळवी! मग उपयोगी कोण, निरुपयोगी कोण?

मात्र भोळेपणा म्हणजे भूतदया नव्हे. ओळख पटल्याशिवाय रानची छत्री तोंडात घालू नये. चांदीचे नाणे काळे पडते का, किड्याने खाल्ली आहे का, या परीक्षांवर विसंबू नये. काहींचे विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू व्हावयास सहा ते बारा तास किंवा अधिकही लागतात. घरात लहान मूल असेल तर त्याच्या खेळण्याच्या जागेतील छत्र्या काढून पुरून टाकाव्यात. यात पाप नाही. पण उरलेल्या अंगणाचे काय? 'खा' आणि 'तुडव' यांखेरीज तिसरी वाट आहे की नाही? आहे. ओळखावे, आणि बाजूने जावे.

सातबाऱ्यावर आपले नाव चढते. पण त्या मातीत आधीपासून कोण राबत आहे, याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नसते. आणि वारकऱ्यांनो, आपणास तर हे सांगावयासच नको. वाटेवरच्या मुक्कामाला अनोळखी घरधनी आपली ओसरी मोकळी करून देतो. "तुमचा मला उपयोग काय?" असे तो विचारीत नाही. एका रात्रीच्या मुक्कामाला जागा लागते तरी किती?