नवख्याची नजर, जाणत्याचा वेळ

१९४०च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे एक प्राध्यापक चांदीची जुनी नाणी तराजूत घालून तोलू लागले. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. ही नाणी भारतातल्या सर्वांत जुन्या नाण्यांपैकी. नाणकशास्त्रात त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांच्यावर राजाचं नाव नाही की साल नाही. पुढच्या बाजूला सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशा चिन्हांचे ठसे आणि मागच्या बाजूला बारीक खुणा, एवढंच. अभ्यासकांची बरीचशी शक्ती या चिन्हांचा अर्थ लावण्यात जात होती आणि जितके अभ्यासक तितके अर्थ निघत होते. कोसंबी नाणकशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना स्वतःच्या बळावर संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि सरावासाठी एक खराखुरा प्रश्न हवा होता.

त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. नाणं हातोहात फिरतं, म्हणजे झिजतं. मग त्याच्या वजनावरून ते किती काळ फिरलं हे कळेल का? एकट्या नाण्यावरून कळत नाही, कारण टांकसाळीतून निघतानाच दोन नाण्यांत थोडा फरक असतो. पण बरीच नाणी घेतली की चित्र स्पष्ट होतं. काळ जाईल तशी सरासरी घटत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. हे खरं आहे की नाही, हे कोसंबींनी आधी आपल्या काळातल्या चलनी नाण्यांवर तपासलं, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. मग ते तक्षशिलेला सापडलेल्या साठ्याकडे वळले. मागच्या बाजूला जितक्या खुणा जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं तिथे दिसलं. याचा अर्थ, त्या खुणा नाणं चलनात असताना एकामागून एक पडत गेल्या असणार. व्यापाऱ्यांनी किंवा सराफांनी नाणं पारखून मारलेल्या त्या खुणा असाव्यात. एकही चिन्ह न वाचता नाण्यांचा काळक्रम लावायची एक वाट त्यातून निघाली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. पण नाणी नुसती पाहायची नसतात, तोलून मोजायचीही असतात, हे एका परक्या माणसाने त्या शास्त्राला शिकवलं.

ज्ञानाच्या क्षेत्रात नवख्यांचा वाटा मोठा की जाणत्यांचा, हा वाद जुना आहे. त्यात बहुतेक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे आधीच बाजू घेऊन बसलेले असतात. कोसंबींचं आयुष्य मात्र दोन्ही बाजूंना थोडं अडचणीत आणतं. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीत पाऊल टाकलं आणि गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र मांडलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजही ते त्यांच्याच नावाने वापरतात. म्हणजे परक्या प्रांतात त्यांना दोनदा यश आलं. पण १९५९ साली त्यांनी स्वतःच्या प्रांतातला, गणितातला एक अतिशय कठीण प्रश्न सुटल्याचा दावा केला. तो प्रश्न म्हणजे रीमानचं गृहीतक. तो दावा टिकला नाही.

यावरून नवखे श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. भूमितीतलं आणि संभाव्यताशास्त्रातलं कोसंबींचं काम गणितात आदराने उल्लेखलं जातं; जाणता म्हणूनही ते मोठेच होते. लक्ष द्यायचं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. रीमानच्या गृहीतकाशी संबंधित त्यांचा तो निबंध प्रसिद्ध झाला तो शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. संख्या-सिद्धांतातला मुरलेला परीक्षक तिथे असण्याचं कारण नव्हतं. ज्यांनी चूक दाखवायची, त्यांना वगळून दावा पुढे गेला. नाण्यांच्या बाबतीत उलट घडलं. तिथे आकडे नाणकशास्त्रज्ञांसमोर उघडे होते, ज्याला शंका होती त्याला तराजू घेऊन बसता येत होतं. एकाच बुद्धीची दोन कामं, आणि दोहोंत फरक पडला तो पारखणाऱ्यांचा.

जाणत्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवून टाकलं की वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणं, कोनाचे तीन समान भाग करणं, घनाची दुप्पट करणं आणि अखंड चालणारं यंत्र बनवणं, या विषयांवर आलेलं काहीही यापुढे तपासायचं नाही. हा निर्णय वरवर गर्विष्ठ वाटतो. पण असे दावे इतके येत होते की तपासणाऱ्यांचा वेळ त्यातच जात होता. पुढे १८३७ साली पिएर वांत्सेलने सिद्ध केलं की केवळ पट्टी आणि कंपास घेऊन वाटेल त्या कोनाचे तीन समान भाग करणं किंवा घनाची दुप्पट करणं अशक्य आहे. वर्तुळाचा चौरस अशक्य असल्याचं १८८२ साली लिंडमानने दाखवलं. सिंधू लिपीचंही असंच आहे. तिचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचे आणि सोबत दुसऱ्या ओळखीच्या लिपीतला मजकूर कुठेच नाही, त्यामुळे कोणताही अर्थ बसवता येतो आणि कोणताच पडताळता येत नाही. तरीही लिपी उलगडल्याचे दावे थांबत नाहीत. अशा दाव्यांच्या ढिगात एखादा खरा असेलही, पण तो शोधायला कुणाच्या तरी आयुष्यातले तास द्यावे लागतात. या वादात त्या तासांचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

तो हिशेब १९७५ या एका वर्षात स्पष्ट दिसतो. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचा स्तंभ लिहीत. ते स्वतः तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते, गणिताची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्या वर्षी मार्चच्या अंकात त्यांनी देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या संख्यांबद्दल लिहिलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक आणि मग १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी, असं त्यांचं आयुष्य होतं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गणित पाचवीतल्या मुलालाही करता येतं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले की झालं. समजा १९४७. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९७४१. चढत्या क्रमाने लावा, १४७९. वजा करा, ८२६२. हेच पुन्हा करा: ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहतं. सुरुवात कोणत्याही संख्येने करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडलं. त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. म्हणून ४५ ही कापरेकर संख्या.

व्यावसायिक गणितज्ञांना हे खेळ वाटले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. ६१७४चं वैशिष्ट्य आपण दहाच्या पायावर अंक लिहितो त्यावर अवलंबून आहे. त्यातून संख्यांचं कोणतं खोल रहस्य उलगडत नाही. पण नेमका हाच प्रश्न जाणत्याने पुढे न्यायचा असतो. दुसऱ्या पायावर काय होतं? पाच अंकी, सहा अंकी संख्यांचं काय? का होतं? हे प्रश्न आज जगभर विचारले जातात, त्यावर निबंध लिहिले जातात. कापरेकरांच्या उमेदीच्या काळात त्यांच्याबरोबर बसून ते विचारणारा कुणी त्यांना मिळाला नाही. छोट्या नियतकालिकांत आणि स्वतः काढलेल्या पुस्तिकांत ते लिहीत राहिले.

त्याच वर्षी, त्याच स्तंभातून, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोची एक गृहिणी एका प्रश्नात गुंतली. मार्जरी राइस यांचं गणित शाळेपुरतंच होतं. मासिक घरात मुलासाठी येत असे. प्रश्न असा होता की एकाच आकाराच्या, कुठेही आत न वळलेल्या पंचकोनी फरश्यांनी, फट न ठेवता, जमीन किती प्रकारे भरता येते. रिचर्ड कर्शनर या गणितज्ञाने १९६८ साली आठ प्रकारांची यादी देऊन ती पूर्ण असल्याचं म्हटलं होतं. गार्डनरांचा लेख वाचून एका वाचकाने नववा प्रकार काढला, तेव्हा राइसही कामाला लागल्या. गणिताची चिन्हं येत नव्हती, म्हणून त्यांनी कोनांचे आणि बाजूंचे संबंध दाखवणाऱ्या आपल्या खुणा बनवल्या. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या आणि कुणी आलं की झाकून ठेवायच्या. जे मिळालं ते त्यांनी गार्डनरना कळवलं आणि गार्डनरनी ते पेनसिल्व्हानियातल्या गणिताच्या प्राध्यापक डोरिस शॅटश्नायडर यांच्याकडे धाडलं.

त्या अपरिचित खुणा पाहून शॅटश्नायडर आधी चक्रावल्या. कागद बाजूला ठेवता आला असता. त्यांनी त्या खुणा शिकून घेतल्या, प्रत्येक आकृती तपासली आणि राइस यांचं म्हणणं बरोबर असल्याचं ठरवलं. १९७७पर्यंत राइस यांनी चार नवे प्रकार शोधले होते. एकूण पंधराच प्रकार आहेत, याची सिद्धता २०१७ साली मिकाएल राओ यांनी संगणकाच्या मदतीने मांडली. आठांवर यादी संपते हे तज्ज्ञाचं म्हणणं एका वाचकाने आणि एका गृहिणीने मोडलं आणि पंधरांवर ती खरोखरच संपते हे पुन्हा एका तज्ज्ञाने दाखवलं. मधला दुवा होता एका प्राध्यापिकेने अनोळखी बाईसाठी दिलेला वेळ. देवळालीच्या मास्तरांच्या वाट्याला तो आला नाही, आणि ही आपल्या विद्यापीठांच्या इतिहासातली दुःखाची गोष्ट आहे.

नवख्याची कर्तबगारी म्हणजे अज्ञानाची कर्तबगारी, हा समजही खोडायला हवा. क्रीट बेटावर आर्थर इव्हान्सना १९००पासून मातीच्या पाट्या सापडत गेल्या. त्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी १९५२ साली उलगडली ती मायकेल व्हेंट्रिस या एकोणतीस वर्षांच्या वास्तुरचनाकाराने. एवढंच सांगितलं की वाटतं, बाहेरचा माणूस आला आणि तज्ज्ञांना दिसलं नाही ते त्याला दिसलं. पण व्हेंट्रिस चौदाव्या वर्षापासून त्या लिपीच्या मागे होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या अ‍ॅलिस कोबर यांनी, कागदाची टंचाई असताना, शुभेच्छापत्रं आणि पत्रकं कापून पावणेदोन लाखांच्या आसपास चिठ्ठ्या केल्या होत्या. शब्दांचे शेवट ठरावीक रीतीने बदलतात, म्हणजे ही विभक्ती-प्रत्ययांची भाषा असावी, हे त्यांनी त्या चिठ्ठ्यांवरून दाखवलं. १९५०मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, त्या वारल्या. व्हेंट्रिस त्यांच्याच पायावर उभे राहिले. शिवाय ते आपल्या कामाची टिपणं छापून जाणकारांना वाटत असत, चुका दाखवा म्हणून. ही भाषा ग्रीक आहे असं दिसू लागलं तेव्हा त्यांना स्वतःलाच पटेना, कारण तोवर तेही तिचं नातं इटलीतल्या जुन्या इट्रस्कन भाषेशी लावत होते. केंब्रिजचे भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक मदतीला आले आणि दोघांनी मिळून ती ग्रीक उभी केली.

मग १९५३ साली ग्रीसमधल्या पायलोस इथली एक पाटी समोर आली. तिच्यावर भांड्यांची चित्रं होती आणि शेजारी शब्द. व्हेंट्रिसच्या चिन्ह-उच्चारांच्या तक्त्याने वाचलं तर तिवईच्या चित्राशेजारी तिवईचा ग्रीक शब्द. चार कानांच्या भांड्याशेजारी ‘चार कानांचं’, तीन कानांच्या भांड्याशेजारी ‘तीन कानांचं’, बिनकानांच्या भांड्याशेजारी ‘बिनकानांचं’. ती पाटी समोर नसतानाच व्हेंट्रिसचा तक्ता तयार झालेला होता. अनेक शंकेखोर विद्वान तिथे नमले. सिंधू लिपीच्या दावेदारांना असा पडताळा अजून कुणालाच देता आलेला नाही, फरक एवढाच.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा पाया ज्यांनी घातला त्या विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांना कोणत्याही विद्यापीठात इतिहासाची खुर्ची नव्हती. गावोगाव हिंडून, वाड्यांतली दप्तरं मिनतवारीने मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या आज कुणी मानत नाही. साधनं मात्र अभ्यासक वापरतात. पण राजवाडे नुसते हिंडले नाहीत. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. तिथे कुणीही कागद आणावा, चार जाणकारांपुढे वाचावा आणि खरा-खोटा ठरू द्यावा, अशी रीत पडली. या प्रांतात इतिहासाचं संशोधन वकील, शिक्षक, कारकून अशा माणसांनीही केलं, ते याच रीतीमुळे. नवख्याला पारखणारं माणूस गावातच मिळत होतं.

आता गणितात, इतिहासात, वनस्पतींच्या नोंदींत हौसेने काम करणारी माणसं कमी झालेली नाहीत. मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक आहेत, आपल्या तालुक्यातली फुलपाखरं वर्षानुवर्षं टिपणारे आहेत. त्यांनी आधी झालेलं काम वाचावं, आपलं टिपण पडताळता येईल असं लिहावं आणि चूक दाखवणाऱ्याचे आभार मानावेत. आणि विद्यापीठांतल्या विभागांनी पंधरवड्यातून एक दुपार अशा माणसांसाठी राखून ठेवावी. दार उघडं असावं, एक प्राध्यापक बसलेला असावा आणि आलेली वही शेवटच्या पानापर्यंत वाचली जावी. तिच्यात काही नसलं तर तसं स्पष्ट सांगावं, असलं तर सोबत बसावं. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. येत्या सत्रापासून सुरू करता येईल.