पाच कारणं

“आई, गोळी घेऊन अभ्यास झाला, तर तो मी केला की गोळीनं?” मुलीनं पुण्याहून फोनवर विचारलं. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं निदान केलं, मेथिलफेनिडेट सुरू झालं आणि त्या पाठोपाठ हा प्रश्न आला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवते. त्यामुळे भेटेल तो मला गीतेचा सहावा अध्याय सुचवतो: मन चंचल असतंच, अभ्यासानं आणि वैराग्यानं ते आवरतं. खरं आहे. पण तिथं श्रीकृष्ण आधी अर्जुनाची तक्रार मान्य करतात आणि मगच उपाय सांगतात. आपण ते मान्य करणं गाळतो आणि थेट ‘मनावर घे’ म्हणतो. मुलीचं फिजिक्सचं जर्नल मी पाहिलंय. सगळे प्रयोग लिहिलेले, आलेख टोकदार पेन्सिलीनं काढलेले, आणि सर्टिफिकेटच्या पानावर सही नाही. सबमिशनची तारीख उलटली तरी ते बॅगेतच होतं. मनावर न घेणारी मुलगी असं जर्नल लिहीत नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला अठराव्या अध्यायात मिळतं. कोणत्याही कर्माची तिथं पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही पुढे बजावलंय. यशानं फुगलेल्या माणसाला आपण हे ऐकवतो. पण ‘सगळा दोष माझाच’ म्हणत वर्षानुवर्षं खचत जाणाऱ्या मुलीलाही ते तितकंच लागू पडतं. तीही सगळं कर्तेपण एकटीच्या डोक्यावर घेऊन बसलेली असते.

शरीर म्हणाल, तर लक्ष टिकवण्यात मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिनचा वाटा आहे, आणि ही गोळी त्यांचंच प्रमाण वाढवते. जुळ्यांवरच्या अभ्यासांत या विकाराची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास दिसते. दैव म्हणायला मला एवढं पुरे आहे. करण म्हणजे इंद्रियं, असं भाष्यकार सांगतात. मी त्यात गोळी धरते, मोबाइलचा गजर धरते आणि सदाशिव पेठेतली अभ्यासिकाही धरते. तिथं आजूबाजूला सगळे मान खाली घालून वाचत असले की हिचंही पुस्तक उघडं राहतं.

राहिली चेष्टा, म्हणजे खटपट, आणि ती तिलाच करावी लागते. साध्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो. भूक मरते म्हणून आधी पोटभर नाश्ता करून घ्यायचा. शिवाय गोळी लक्ष देते, ते कशाकडे लावायचं हे ठरवत नाही. एकदा तो सगळा वेळ तिनं रील्स बघण्यात घालवला.

मग जबाबदारी संपली का? नाही. पाचांत कर्ता आहेच, म्हणून सबमिशनची तारीख मी तिला विचारतेच. फक्त काम अडलं की आता आम्ही दोघी पाचांतलं कुठलं कमी पडलं ते शोधतो. बहुतेक वेळा झोप कमी पडलेली असते.

हे सगळं ऐकून तिनं विचारलं, “मग पाचांत माझा वाटा किती टक्के?” गीतेनं वाटे घालून दिलेले नाहीत, असं मी तिला सांगितलं. त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.