वैशाखातली बातमी

चैत्र सरता सरता ग्वाल्हेरला लू वाहू लागते आणि त्याच सुमारास आमच्या गोतावळ्यात बातम्यांचा हंगाम सुरू होतो. कोणाच्या मुलीचे ठरले, कोणाचा मुलगा परीक्षेत उतरला, कोकणातल्या घरी मोहोर टिकला की गळाला, सुटीत कोण कोणाकडे उतरणार! १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तेव्हापासून कितीतरी मराठी घरे येथे नांदली. आमच्यासारख्यांच्या शाखा अजूनही रत्नागिरी, सावंतवाडी, गोव्यापर्यंत पसरलेल्या आहेत. पूर्वी या बातम्या पोस्टकार्डावरून येत. अशुभाचे कार्ड उभ्यानेच वाचून फाडून टाकीत. आता खिशातल्या यंत्रातून शुभ आणि अशुभ एकाच सुरात वाजते. परंतु साधन बदलले तरी जुना प्रश्न जागचा हललेला नाही. बातमी कोणाची? जो ती प्रथम ऐकतो त्याची, की जिच्या काळजाशी तिचा संबंध आहे तिची?

एका वैशाखात या प्रश्नाने मला गाठले. चुलत भावाच्या मुलीचे लग्न तिसऱ्या दिवसावर आले होते. रात्री कोकणातून कळले की आमचे थोरले काका गेले. मांडव पडला होता, पाहुणे गाडीत बसले होते. हे ज्यांना कळले असे आम्ही तिघेच होतो. त्यांत मी वकील. साहजिकच सल्ला मला विचारण्यात आला.

मी शास्त्राचा आधार काढला. दूरदेशी सपिंड वारला आणि दहा दिवसांच्या आत कळले, तर उरलेल्या दिवसांचे सूतक. दहा दिवसांनंतर कळले, तर तीन रात्रींचे. म्हणजे सूतक मरणाबरोबर आपोआप चिकटत नाही, ते कळण्याची वाट पाहते. आमचा कायदाही असाच चालतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात, प्रतिपक्षाने कपटाने दडवलेल्या गोष्टीची मुदत ती उघडकीस आल्यापासून मोजतात. तेव्हा वधूपित्याला कळलेच नाही तर त्याला दोष नाही, असा निवाडा मी दिला. कपटाचा उल्लेख ज्या दाखल्यात होता, तोच मी निर्धास्तपणे पुढे केला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

लग्न थाटात झाले. मंगलाष्टकांच्या आधी आत्या माझ्याजवळ आली. वय अठ्ठ्याहत्तर, गेलेले काका तिचे पाठचे भाऊ. म्हणाली, "अरे, आप्पाचा काही निरोप? यंदा आंब्याची पेटी अजून आली नाही." मी म्हणालो, "गाड्यांना गर्दी आहे आत्या, येईल."

पाठवणीनंतर दुसऱ्या दिवशी तिला सांगितले. ती फार रडली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मांडवात मी हसत उभी होते. ते हसू आता कुठे ठेवू?" आणि मग, "मला सांगितले असतेस, तर मीही कोणाला सांगितले नसते."

या दुसऱ्या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. विवाहित बहिणीला शास्त्र भावाचे थोडेच सूतक सांगते. दुःख मात्र आमच्या सर्वांहून तिचेच मोठे होते. मी सूतकाचा हिशेब केला, दुःखाचा केला नाही.

अशुभ वार्ता झाकून सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा वृत्तान्त नानासाहेब पेशव्यांना ग्वाल्हेरच्या दक्षिणेस भेलशाकडे कळला तो एका सावकारी पत्रातून. त्यात गेलेली माणसे मोती आणि मोहरांच्या हिशेबात सांगितली होती. पण ते पत्र खोटे नव्हते. ज्याला समजायचे त्याला ते समजले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पेशवे वारले. उलट भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीच्या मृत्यूची वार्ता कधीच मान्य केली नाही. ऐकलेले स्वीकारायचे की नाही हे त्यांनी स्वतः ठरवले. त्यांचे ठरवणे चुकीचे असेल, परंतु ते त्यांचे होते. माझ्या आत्याला मी तेवढेही ठेवले नाही.

कोणी म्हणेल, मग काय ऐन मांडवात आक्रोश होऊ द्यायचा? तसे माझे म्हणणे नाही. शंभर माणसांच्या आनंदाचेही मोल आहे आणि कोवळ्या मुलीच्या सुखात त्या दिवशी माती कालवावी असे आत्यालाही वाटले नसते. बातमी थोपवणे प्रसंगी धर्म्य असू शकेल. परंतु थोपवणे वेगळे आणि विचारल्यावर असत्य सांगणे वेगळे. शिवाय सर्वांपासून झाकायचे म्हणून जिचे दुःख सर्वांत मोठे तिच्यापासूनही झाकावे, हा हिशेब कोठला? आपण म्हणतो, तिला सोसवणार नाही. पुष्कळदा खरे कारण असे असते की तिच्यासमोर ते उच्चारणे आपल्याला सोसवणार नसते.

म्हणून आता मी एक कसोटी लावतो. ज्याच्यापासून बातमी दडवायची, त्याला गुपितात सामील करून घेता येईल का, हे आधी पाहावे. घरातली म्हातारी माणसे आपण समजतो त्याहून अधिक गुपिते पोटात घालून बसलेली असतात. पुढच्या वैशाखात आंब्याची पेटी आली, ती काकांच्या मुलाने पाठवलेली. आत्याने ती स्वतः उघडली आणि पहिला आंबा मला दिला. तो घेताना माझ्याने तिच्याकडे बघवले नाही.