दसऱ्याला हातोडा, दिवाळीला नवं घर?

मोबाइल खाली ठेव आधी. टाइल्सचे फोटो नंतर बघू. डिप्लोमाला माझ्या इस्टिमेटिंगच्या तासाला बसत होतास ना? पुढे आयटीत गेलास, चांगलं झालं. पण शिकलेलं सगळं कॉलेजच्या फाटकातच टाकून गेलास की काय? स्वतःचा फ्लॅट फोडायला निघालायस आणि हातात धड एक कागद नाही.

दाखवलंस काय, तर कॉन्ट्रॅक्टरचा व्हॉट्सॲप मेसेज. ‘किचन + बाथरूम + कलर = साडेआठ लाख, मटेरियलसकट.’ याला कोटेशन म्हणतोस तू? टाइल कुठल्या मापाची, पाइप कुठला, वायर किती जाडीची, रंगाचे हात किती, राडारोडा खाली कोण उतरवणार आणि टेम्पोचे पैसे कोणाचे? त्या दोन अधिकच्या चिन्हांत हे सगळं दडलंय. काम अर्ध्यावर आलं की एकेक बाहेर येईल : ‘साहेब, ते आपल्या बोलण्यात नव्हतं.’ मग कशाच्या जोरावर भांडशील? प्रत्येक काम वेगळं लिही, त्याचं मोजमाप लिही, दर लिही. पैसे झालेल्या कामाप्रमाणे मिळतील, हेही लिही. आणि बेरीज येईल तिच्यावर दहा-पंधरा टक्के बाजूला काढून ठेव. तीस वर्षांची इमारत आहे. फरशी उचलल्यावर खाली सडलेला पाइप निघाला, तर कोणाच्या तोंडाकडे बघणार आहेस?

भिंतीचं ऐकून तर मी कपाळावर हातच मारला. ‘मॅडम, हॉल आणि किचनमधली भिंत साडेचार इंचीच आहे, काढून टाकतो.’ कोणी सांगितलं? त्याच कॉन्ट्रॅक्टरनं, वीत लावून! आरसीसी फ्रेमच्या इमारतीत आतली विटांची भिंत बहुतेक वेळा नुसती आडोशाला असते, खरं आहे. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, हे तुला मी सांगायचं? भिंतीच्या टोकाला प्लास्टरच्या आत कॉलम असू शकतो. जुन्या काही इमारतींत तर स्लॅबच भिंतीवर टेकलेला असतो. नुसत्या जाडीवरून ठोकताळे बांधायचे नसतात. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साई दर्शन इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. तेव्हा ‘आपलं काम छोटं आहे’ हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. सोसायटीच्या कपाटात आरसीसी ड्रॉइंग असेल तर शोधून काढ. असो वा नसो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आण, भिंत दाखव, त्याच्याकडून लेखी घे.

आणि सोसायटीची परवानगी? सेक्रेटरी काका ओळखीचे आहेत म्हणे! खालच्या घरात छतातून पाणी ठिबकलं की सगळ्या ओळखी संपतात. म्हणून बाथरूमचं नीट ऐक. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, पाणी भरायचं, निदान 48 तास तसंच ठेवायचं आणि खालच्यांकडे जाऊन छत बघायचं. तू स्वतः जायचंस, त्यांना फोटो पाठवायला सांगायचं नाही. मगच टाइल. घाईत टाइल बसवलीस आणि नंतर गळती निघाली, तर नवी टाइल फोडण्यापासून सुरुवात.

विजेचे पॉइंट कुठे हवेत, याची यादी केलीस? नाही. दोन किलोवॉटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो; त्याला सहा अँपिअरचा सॉकेट चालत नाही. ओव्हन, डिशवॉशर कुठे बसणार, हे भिंतीत खाचा पडायच्या आधी ठरायला हवं. ओट्याची उंची कोणी ठरवली? बायकोला एकदा तरी विचारलंस? दोघं मिळून स्वयंपाक करता ना, मग दोघं टेप घेऊन उभे राहा.

मुहूर्त मात्र पक्का! दसऱ्याला हातोडा, दिवाळीला नवं घर. मधे दिवस किती? जेमतेम वीस. त्यात तोडफोड, विटकाम, पाइप, वायरिंग. प्लास्टरलाच निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, मग ते वाळायला हवं, मग पुट्टी, मग रंग. ओल्या भिंतीवर रंग मारशील आणि पोपडे धरले की कंपनीच्या नावानं बोंबलशील. सुतार तर अजून यायचाच आहे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

रविवारी घरातली प्रत्येक खोली मोज, नकाशा काढ, कामांची यादी कर आणि वही घेऊन माझ्याकडे ये. तोवर कॉन्ट्रॅक्टरला एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही. यंदाची दिवाळी आहे त्याच भिंतींत होईल. काम तुळशीच्या लग्नानंतर, तेही इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी हातात असली तर.