चार फूट चार इंच

अटलांटिक गुलामव्यापारावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले मुख्य पात्र बहुधा अकरा ते सतरा वर्षांचे असते. वाचकाला गहिवर आणण्याचा हा सोपा मार्ग आहे, असा आक्षेप घेता येईल. पण व्यापाराचे आकडेच या निवडीच्या बाजूने आहेत. साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. त्यांत साधारण चौघांमागे एक मूल होते. ब्रिटन आणि अमेरिकेच्या १८०८ पासूनच्या बंदीनंतरही क्युबा-ब्राझीलकडे जहाजे जात राहिली, आणि त्यांत मुलांचे प्रमाण वाढतच गेले.

कागदपत्रांत ही मुले दिसतात ती मापाने. जहाजांतल्या गर्दीवर ब्रिटिश संसदेने पहिले बंधन घातले ते १७८८ साली, सर विल्यम डॉल्बेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने. मूल कोण, हे त्यात वयाने नव्हे तर उंचीने ठरले : चार फूट चार इंचांपर्यंत ते मूल. अशी मुले एकूण बंदिवानांच्या दोन पंचमांशांहून जास्त झाली, तर वरच्या दर पाच मुलांना चार माणसांइतके धरण्याची सवलत होती. त्याच सुमाराच्या ‘ब्रूक्स’ या जहाजाच्या प्रसिद्ध आराखड्यात पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा दिली आहे, मुलग्याला पाच फूट लांब आणि चौदा इंच रुंद. मुलीच्या वाट्याला साडेचार फूट लांबी आणि बारा इंच रुंदी येते. बारा इंच म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी आडवी ठेवावी, तेवढी.

शिवकाळावर किंवा पेशवाईवर लिहिणाऱ्या कादंबरीकारापुढे बखरी, पत्रव्यवहार, वंशावळी यांचा ढीग असतो. त्याची अडचण निवडीची. इथे नायकाचे नावदेखील लेखकाला बनवावे लागते. लहानपणी पकडल्या गेलेल्यांनी पुढे स्वतः लिहिलेल्या आठवणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली सर्वांत गाजलेली, १७८९ ची ओलौदा इक्विआनोची आत्मकथा, वादात सापडलेली. अकराव्या वर्षाच्या आसपास आपल्याला आफ्रिकेतून पळवले, असे तो लिहितो. बाप्तिस्म्याची आणि नौदलाची नोंद मात्र त्याचा जन्म कॅरोलिनातला सांगते. वाद मिटलेला नाही, आणि कुठल्याही बाजूने मिटला तरी त्या पुस्तकाने पुढच्या कादंबऱ्यांना घातलेला साचा बदलणार नाही : गाव, अपहरण, किनारा, पहिल्यांदा दिसलेला समुद्र, जहाज.

मूल निवेदक घेण्यामागे भावनेपेक्षा भक्कम असे एक कारण आहे. प्रौढ पुरुषांना बहुतेक जहाजांवर बेड्या घालून जोडीजोडीने तळात ठेवत. लहान मुले अनेकदा मोकळी असत, दिवसा डेकवर फिरत. म्हणजे खलाशांचे वरचे जग आणि बंदिवानांचे खालचे जग, दोन्ही पाहू शकणारी नजर जहाजावर खरोखरच होती, आणि ती मुलाची होती.

पॉला फॉक्स यांनी ‘द स्लेव्ह डान्सर’ मध्ये (१९७३) ही नजर एका गोऱ्या मुलाला दिली. १८४० साली न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर फाइफ नावाची आखूड बासरी वाजवून चार पैसे मिळवणारा तेरा वर्षांचा जेसी पळवला जातो. ‘मूनलाइट’ जहाजावर त्याचे काम एकच : बंदिवानांना वर आणले की बासरी वाजवायची, म्हणजे ते नाचतील, हातपाय हलतील, माल खराब होणार नाही. ही कल्पना लेखिकेची नाही. चाबकाच्या धाकाने बंदिवानांना नाचवण्याची पद्धत खरी होती. एका प्रसंगी बासरी तळात फेकली जाते आणि ती शोधायला जेसीला माणसांच्या त्या दाटीत उतरावे लागते. कादंबरीतली ही सर्वांत जड पाने. स्वतः पळवलेला मुलगा इथे छळाचे हत्यार झालेला आहे, आणि मोठेपणी त्याला कुठलेच संगीत सहन होत नाही. पुस्तकाला १९७४ चे न्यूबेरी पदक मिळाले, आणि बंदिवान त्यात केवळ मुक्या गर्दीसारखे येतात, ही टीकाही झाली. टीका रास्त आहे. जेसीच्या वयाचा रास सोडला तर तळातल्या कुणाला नाव नाही. पण जेसीला त्यांची भाषा येत नाही. ती अचानक येऊ लागली असती, तर पुस्तक खोटे झाले असते.

ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ने (१९७६) बाजू उलटवली. सतरा वर्षांचा कुंटा किंटे पकडला जातो आणि वाचक त्याच्याबरोबर तळात जातो. पुस्तकाची लंगडी बाजू त्याआधीची आहे. गँबिया नदीकाठचे जुफुरे हेली यांनी जगापासून दूर, निरागस खेडे म्हणून रंगवले. प्रत्यक्षात ते ब्रिटिशांच्या जेम्स बेटावरील ठाण्याच्या समोरच होते, आणि व्यापार तिथल्या लोकांना चांगला ठाऊक होता.

लॉरेन्स हिल यांनी ‘द बुक ऑफ नीग्रोज’ मध्ये (२००७) ही चूक टाळली. अकरा वर्षांच्या अमिनाताला किनाऱ्याकडे हाकणाऱ्या टोळीत चेकुरा नावाचा आफ्रिकी मुलगा आहे. आज तो पकडणाऱ्यांचा हस्तक, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्यालाही जहाजात ढकलले जाते. आईबापांच्या दोन भाषा येत असल्याने अमिनाता तळातल्या माणसांचे निरोप इकडून तिकडे नेते. फॉक्सच्या जेसीला जे शक्य नव्हते ते तिला आहे. शीर्षक एका खऱ्या वहीचे. १७८३ मध्ये इंग्रजांबरोबर न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे तीन हजार काळ्या स्त्रीपुरुषांची नावे, वये आणि एका ओळीची वर्णने तिच्यात आहेत. हिल यांच्या कादंबरीत ती वही लिहिणाऱ्यांत अमिनाताच आहे. आयुष्यभर मोजली गेलेली बाई इतरांची नावे विचारून घेते. या प्रकारच्या साहित्यात यापेक्षा नेमकी कल्पना सापडणे कठीण.

शॅरन ड्रेपर यांची ‘कॉपर सन’ (२००६) वेगाने वाचली जाते, खलपुरुष जरा ठोकळेबाज आहेत. तिचे मोल शेवटाच्या दिशेत आहे. पंधरा वर्षांची अमारी पळते ती उत्तरेला नव्हे, दक्षिणेला : स्पॅनिश फ्लोरिडातल्या फोर्ट मोजे या १७३८ साली वसलेल्या मुक्त काळ्यांच्या वस्तीकडे.

कल्पनेला कागदाचा सर्वाधिक आधार मिळाला तो ‘अमिस्ताद’च्या मुलांबाबत. १८३९ साली बंड झालेल्या या जहाजावर तीन मुली आणि एक मुलगा होता. त्यांतल्या मार्गरूला वडिलांनी कर्जापोटी गहाण ठेवले होते; कर्ज फिटले नाही आणि ती विकली गेली. १८४० च्या एका पुस्तिकेत तिची उंची नोंदली आहे : चार फूट तीन इंच. स्पेनने १८२० पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी घातली होती, म्हणून हे सगळे क्युबातले जुनेच गुलाम आहेत असा अमेरिकी न्यायालयात मालकांचा दावा होता. स्पॅनिशचा शब्दही न येणारी, दहाच्या आतबाहेरची ही मुले समोर उभी असताना तो टिकणे अवघड होते. १८४१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदिवानांना मुक्त ठरवले. मार्गरू सिएरा लिओनला परतली, १८४६ मध्ये शिकायला पुन्हा अमेरिकेत ओबरलिनला आली, आणि पुढे मेंडे मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली.

तिच्यावरचे मोनिका एडिंजर यांचे ‘आफ्रिका इज माय होम’ (२०१३) हे सचित्र पुस्तक छोटे आहे. घरात दहा-अकरा वर्षांचा वाचक असेल तर सुरुवात या पुस्तकानेच करावी. ‘द स्लेव्ह डान्सर’ दोन वर्षांनी द्यावे, आणि तेव्हा मोठ्यांनीही सोबत वाचावे. हिल यांची जाडजूड कादंबरी सोळा-सतरापर्यंत थांबू शकते.