बारशाआधीचे दिवस

बाळाच्या आगमनाचा आनंद आपल्याकडे रीतसर साजरा होतो तो बाराव्या दिवशी. त्याआधीचे दिवस धास्तीचे असत. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा व्हायची. शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, घरातल्या बायकांनी आळीपाळीने जागायचे. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असा समज. याला निव्वळ भोळसटपणा म्हणणे मला पटत नाही. नाळ विळ्याने किंवा हाताला लागेल त्या पात्याने कापली जाई, आणि त्यातून होणारा धनुर्वात बाळाला बहुधा तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत गाठतो. पाचवी आणि बारावी ठरवणाऱ्यांनी हा हिशेब मांडला होता असे नाही. पण तान्ह्या जिवाचे पहिले दिवस सर्वांत घातकी, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी पाहिले होते. आधीची मुले गेलेल्या घरात पुढच्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत, तेही याच भीतीने. मूल हवेसे होते, पण ते राहील याची खात्री नव्हती. म्हणून स्वागत लांबणीवर टाकले जाई.

नशिबाच्या हाती सोपवलेले हे दिवस माणसाच्या हाती येऊ शकतात, याचा ठोस पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले: बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब टिकवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून वेळीच औषध देणे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने इथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. दवाखाना दूर होता, रस्ते वाईट होते, गरिबी तशीच होती. बदलली ती पहिल्या दिवसांतली देखभाल. पुढे २०११मध्ये हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. पाचवी-बारावीच्या शेजारी उभे राहिलेले हे नवे पंचांग मला स्वागताच्या कल्पनेतला सर्वांत मोठा बदल वाटतो. त्याने जबाबदारी देवीकडून शेजारणीकडे आणली.

यावर कोणी म्हणेल, मग जुने सगळे टाकाऊच होते का? नाही. सोयर पाळल्यामुळे बाळंतिणीला चुलीपासून सुट्टी मिळे आणि बाहेरच्यांची ये-जा थांबे; त्या विश्रांतीचे मोल आजही तेवढेच आहे. पण त्याच सोयरात तिला अंधाऱ्या, कोंदट खोलीत टाकले जाई, आणि कित्येक घरांत चिकाचे दूध फेकून बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई. विश्रांती राखावी आणि हे सोडावे, एवढा विवेक परंपरेला पेलतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्या वैद्यकाने बाळ वाचवले, त्यानेच मुलगी गर्भात ओळखून नाकारण्याचे साधनही दिले. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ उरल्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. दगडू हे नाव मूल राहावे म्हणून ठेवलेले, नकुशा हे ते नको होते म्हणून. मूल जगवण्याची ताकद ज्ञानाने दिली. मूल हवेसे वाटणे त्याच्या आवाक्यात नाही. म्हणून मला हा आक्षेप वैद्यकावरचा वाटत नाही, कुटुंबावरचा वाटतो. आशाताई वजनकाटा घेऊन दारात येईल, पण मुलीला ताप आल्यावर रात्रीच गाडी काढायची की सकाळची वाट पाहायची, हे घरचेच ठरवतात.

आणि घर म्हणजे केवळ बाळंतीण नव्हे. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडले, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ही कांगारू पद्धत आता आपल्या सरकारी नवजात कक्षांतही शिकवतात, आणि आई दमली की बाळाला छातीशी धरून ऊब देण्याचे काम बापही तितकेच नीट करू शकतो. बाळाच्या पहिल्या दिवसांत पुरुषाला असे काम आपल्या कोणत्याही विधीने कधी दिले नव्हते.